रावांच्या नावानं मंजूर

गुरुमूर्ति रावांनी चुकांनी भरलेले धडे डोळे मिटून मंजूर केले, हे श्रीलक्ष्मीला सोमवारी सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत ते तिला पटलंही.

कुंभकोणमच्या बाजारात, पितळी भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर 'ओलै' नावाची कंपनी होती. परदेशी प्रकाशकांची पुस्तकं इथे छपाईसाठी तयार होत. लेखकाचा मजकूर यायचा, कोणी त्याची पानं लावायचं, कोणी ती ओळ न् ओळ तपासायचं, आणि तयार फाइल प्रकाशकाकडे जायची. माणसं पंचवीसएक. सगळ्यांचं काम एका सामाईक सर्व्हरवर चाले. तिथे प्रत्येक धड्याचं एक पान असे, पानावर फाइल, फाइलीखाली शेरे लिहायची जागा, आणि कोपऱ्यात दोन बटणं, 'मंजूर' आणि 'परत'. हा सर्व्हर ऑफिसातल्याच एका काचेच्या खोलीत होता आणि तो सांभाळायचं काम श्रीलक्ष्मीचं होतं. ती एकतीस वर्षांची, आडुतुरैहून रोज बसनं येणारी.

राव तपासनीस होते. एकसष्ट वर्षांचे. तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस, त्यामुळे उलटं पडलेलं अवतरणचिन्हसुद्धा त्यांना हातभर अंतरावरून दिसे. ते श्रीलक्ष्मीच्या वडिलांचे जुने स्नेही. तिला इथे नोकरी लागली तीही त्यांच्या शब्दावर. ऑफिसात बाकी सगळे तमिळ. घरात मराठी बोलणारी ही दोघंच. ती मराठीही तंजावरची, तीन शतकांपूर्वी इकडे आलेल्यांची, पुण्यामुंबईच्या माणसाला ऐकून नवल वाटेल अशी. कामाचं बोलणं तमिळमध्ये व्हायचं, पण अकराच्या कॉफीला राव तिच्या टेबलाशी येऊन मराठीत दोन शब्द बोलत. घरचं विचारत. ती त्यांना मामा म्हणे.

सोमवारी चंद्रमौलींनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते ऑफिसचे मॅनेजर. त्यांच्यासमोर प्रकाशकाचं पत्र होतं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकाचे तीन धडे चुकांसकट गेले होते. एका ठिकाणी औषधाच्या मात्रेच्या कोष्टकात दशांशचिन्ह गळालं होतं आणि अर्ध्या मिलिग्रॅमचे पाच मिलिग्रॅम झाले होते. प्रकाशकाकडच्या माणसाच्या ते लक्षात आलं म्हणून निभावलं. तिन्ही धडे रावांच्या नावानं मंजूर झालेले होते.

जानेवारीपासून तपासणीसाठी एक सॉफ्टवेअर घ्यायचं कंपनीच्या मनात होतं. मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर राव त्याला कडक शब्दांत विरोध करून बसले होते. चंद्रमौलींनी ते तिला पुन्हा ऐकवलं. माणूस दुखावलेला आहे, म्हणाले, आणि दुखावलेला माणूस काय करील याचा नेम नसतो.

"सर्व्हरवरच्या सगळ्या नोंदी मला काढून द्या," ते म्हणाले. "आणि यातलं अवाक्षरही रावांच्या कानी जाता कामा नये. ते तुमच्या घरोब्यातले आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून मुद्दाम सांगतो."

तिनं नोंदी काढल्या. मंजुरी रावांच्याच खात्यातून आलेली, रावांच्याच कॉम्प्युटरवरून, ते खुर्चीवर बसलेले असतानाच्या वेळेला. पासवर्ड कोणी चोरलेला दिसत नव्हता. तीनच काय, चार महिन्यांत असे पुष्कळ धडे होते. मग तिनं त्या धड्यांखालचे रावांचे शेरे नोंदींतूनच काढून वाचले आणि ती थबकली. त्या गळालेल्या दशांशचिन्हासकट एकूण एक चूक रावांनी तिथे लिहून ठेवली होती. फक्त मंजुरीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी.

एकदा 'मंजूर' झालं की धडा तपासनिसाच्या हातून सुटे आणि फाइल पाठवणाऱ्या रम्याकडे जाई. त्यानंतर लिहिलेले शेरे पानाला चिकटून राहत, पण रम्या ते बघत नसे; तिला हिरवी खूण दिसली की पुरे. बावीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला हे माहीत नसेल, असं कसं म्हणायचं?

चंद्रमौलींनी तो कागद दोनदा वाचला. "आधी जाऊ दिलं, मग चुका लिहिल्या. उद्या कोणी विचारलं तर म्हणायला मोकळे, मी तर लिहिलं होतं."

श्रीलक्ष्मीला त्यात कुठे खोट काढता येईना. दुपारचा दहीभात तिनं तसाच परत नेला.

पुढचे तीन दिवस ती रावांवर नजर ठेवून होती. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण एकदा मनात आल्यावर डोळे आपसूक तिकडे वळत. रावांच्या उजव्या हाताशी एक लहानशी निळी वही असे. कॉम्प्युटरवर काही उघडलं की ते मनगटावरचं घड्याळ बघत आणि वहीत काहीतरी लिहीत. कोणी जवळ आलं की वही मिटून त्यावर चष्म्याची पेटी ठेवत. ही वही तिनं आधी कधी पाहिली नव्हती, किंवा पाहूनही तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तिला वाटलं, बाहेर कोणाला तरी कळवायला हे टिपून ठेवत असावेत.

बुधवारी कॉफीच्या वेळी राव आले. वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. मग पेला हातात फिरवत सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर्व्हराची किल्ली तुझ्यापाशींच असते ना? कीं आणखी कोणापाशीं?"

काचेच्या खोलीची आणि सगळे अधिकार असलेल्या खात्याचीही माझ्याकडेच, असं ती म्हणाली. तासाभरानं ते सगळं तिनं चंद्रमौलींना सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही दोघं तुमच्या भाषेत रोज काय बोलता? वडिलांची तब्येत, घरचं, असं ती म्हणाली. ते मान हलवत राहिले. "नाही, बोला की. पण ते इथे दुसऱ्या कोणाला कळत नाही, एवढंच."

गुरुवारी राव टेबलाशी आले तेव्हा तिनं तमिळमध्ये उत्तर दिलं. रावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य तेही तमिळमध्ये बोलले. दोघांनी कॉफी संपवली. नंतर मात्र तिला दिसलं, की जागेवर जाऊन त्यांनी पुन्हा वही उघडली होती.

शुक्रवारी दुपारी तिघं चंद्रमौलींच्या खोलीत बसली. चंद्रमौलींनी नोंदींचा कागद टेबलावर सरकवला. आवाज चढवला नाही, वाईट शब्द वापरला नाही. चौकशी पुरी होईपर्यंत रावांनी घरी राहावं, एवढंच म्हणाले. रावांनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, प्रूफ वाचावं तसा.

"यातला एकही धडा मी मंजूर केलेला नाही," ते म्हणाले. "सगळे परत पाठवले आहेत. माझ्याकडे लिहिलेलं आहे." त्यांनी वही पुढे केली.

चंद्रमौलींनी ती हातात घेतली नाही. वहीत कोणीही काहीही लिहू शकतं, सर्व्हरची नोंद मात्र आपोआप होते, असं ते म्हणाले.

राव उठले. दारापाशी वळून त्यांनी श्रीलक्ष्मीकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "हें तूं केलेंस कीं काय, लक्ष्मी?"

"तमिळमध्ये बोला," चंद्रमौली म्हणाले.

राव बाहेर पडले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. मग चंद्रमौलींनी तिला विचारलं, काय म्हणाले ते? तिला खोटं सुचलं नाही. जे विचारलं ते तिनं सांगितलं. चंद्रमौली तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. किल्ली एकाच माणसाकडे आहे, हे आता त्यांच्याही मनात फिरत असणार. निघताना ते म्हणाले, ती वही मिळाली तर बरं होईल.

शनिवारचा दिवस तिनं घरी विचार करत काढला. रावांचा प्रश्न खरा होता की सोंग होतं? अपराधी माणूस दुसऱ्यावर बोट दाखवतो, हे खरं. पण मग त्यांनी ते चंद्रमौलींना कळेल अशा भाषेत दाखवलं असतं. त्यांनी ते फक्त तिला विचारलं होतं. आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उत्तर काय येईल याची धास्ती होती.

रविवारी सकाळी ती मेलकावेरीला रावांच्या घरी गेली. आपण वही बघायला चाललो आहोत की वही मिळवायला, हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं.

दार रावांच्या बायकोनं, गोदामामीनं उघडलं. एरवी पाऊल आत पडायच्या आधी कॉफीचं विचारणारी ही बाई आज बाजूला झाली, बस म्हणाली आणि आत निघून गेली. राव ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तिनं सरळ सांगितलं, की वही बघायची आहे.

"कोणीं धाडिलें तुला? चंद्रमौलीनें?"

"हो," ती म्हणाली. "पण मलाही पाहायची आहे."

राव वर्तमानपत्राची घडी करून उठले. मग आतून वही आणली. इथे, माझ्यासमोर बघ, म्हणाले. फोटो काढायचे तर काढ. वही या घरातून बाहेर जाणार नाही.

बारीक, सरळ अक्षर. तारीख, धडा, वेळ. ती वाचत गेली. 'धडा ९. उघडिला ११:०४. उघडतांच हिरवें. मीं दाबिलें नाहीं. परत धाडिला ११:२२. हिरवेंच राहिलें.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच. दोन महिन्यांच्या नोंदी होत्या. पहिल्याच पानावर, अगदी वर, एक वेगळी ओळ होती. 'श्रीलक्ष्मीस सांगितलें. म्हणाली, चुकून दाबलें असेल.'

तिला ते आठवलं. नवरात्राच्या आसपास राव तिच्याकडे आले होते, माझ्या पानांवर 'मंजूर' आधीच दिसतं, असं काहीतरी म्हणाले होते. ती दुसऱ्या कामात होती. स्क्रीनवरून मान न उचलता तिनं उत्तर दिलं होतं, आणि ते जागेवर परत गेले होते.

"मग तुम्ही मला पुन्हा का नाही सांगितलं, मामा?"

"किल्ली तुझ्यापाशीं," राव म्हणाले. "माझ्या नावावर कोणीतरी हात फिरवतें आहे. मी सांगितलें तर तूं म्हणतेस, चुकून दाबलें. मग मीं काय समजावें? आणि खात्रीवांचून तुझें नाव चंद्रमौलीपाशीं कसें घ्यावें?"

म्हणजे ते चष्म्याच्या पेटीखाली झाकत होते ते तिच्यापासूनच. ती त्यांच्यावर नजर ठेवत होती तेव्हा तेही तिच्याविरुद्ध पुरावा गोळा करत होते. तिनं एकेका पानाचा फोटो काढला.

सोमवारी ती आठलाच ऑफिसात पोचली. खाली दुकानदार अजून घंगाळं बाहेर मांडत होता. गेल्या आठवड्यात तिनं फक्त मंजुरीच्या नोंदी काढल्या होत्या, कारण तिला तेवढंच मागितलं होतं. आता तिनं पान कधी उघडलं गेलं त्याही नोंदी काढल्या आणि शेजारी ठेवल्या. धडा नऊ: उघडला अकरा चार, मंजूर अकरा चार. सेकंद पाहिले तर एकाचा फरक. पुढचा धडा, एक सेकंद. त्याच्या पुढचा, एक सेकंद. बत्तीस पानांचा धडा एका सेकंदात कोणी वाचत नाही. फसवायचं असतं तरी माणसानं थोडा वेळ जाऊ दिला असता.

मग तिनं हे धडे कोणी लावले ते बघितलं. सगळे सतीशकुमारचे. तो आधी ऑफिसातच होता. वर्षभरापासून चोळपुरम्‌ला घरी बसून काम करायचा आणि तिथूनच सर्व्हरवर यायचा.

तिनं स्वतःच्या खात्यातून त्याचा सर्वांत नवा धडा उघडला. हात मांडीवर होते. पान उघडलं, कोपऱ्यात हिरवी खूण उमटली आणि खाली ओळ आली: 'श्रीलक्ष्मी, मंजूर.'

रावांचं म्हणणं खरं ठरलं, याचा आनंद व्हायला वेळच नव्हता. रावांच्या खात्याला फक्त 'मंजूर' किंवा 'परत' करता येत होतं. तिच्या खात्याला सगळी दारं उघडी होती. त्या पानात जे काही दडलं होतं, ते आत्ता तिच्या अधिकारानं चाललं होतं. ती काचेच्या खोलीत गेली आणि सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटून काढली.

साडेनवाला माणसं आली तेव्हा काहीच उघडत नव्हतं. चंद्रमौली जवळजवळ धावतच आले. श्रीलक्ष्मीनं त्यांना रविवारी रावांच्या घरी काढलेले वहीचे फोटो दाखवले आणि मग सतीशकुमारच्या शेऱ्यातला मजकूर आतल्या बाजूनं दाखवला. वरून 'कृपया तपासावे' एवढे दोन शब्द दिसत. पण त्यांच्यामागे न दिसणाऱ्या तीन ओळी होत्या, आणि त्या ओळी म्हणजे ब्राउझरला दिलेला हुकूम होता. कोणी काही लिहिलं तर सर्व्हरनं ते नुसतं अक्षर म्हणून दाखवायला हवं. हा सर्व्हर ते न गाळता पुढे पाठवत होता. त्यामुळे पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरला तो सर्व्हरचाच हुकूम वाटे, आणि समोर जो बसला असेल त्याच्या नावानं तो पाळला जाई. याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात, ती म्हणाली. जो उघडेल, त्याचीच सही.

चंद्रमौलींनी सगळं ऐकलं. मग सावकाश विचारलं, "हे तुम्हीच काल-आज घातलं नाही, हे मी कशावरून मानू? रविवारी तुम्ही रावांच्या घरी होतात."

तिला राग आला नाही. त्यांच्या जागी तिनंही हेच विचारलं असतं. गेला आठवडाभर ती हेच करत होती. "माझ्यावर विश्वास ठेवून ते कळणार नाही," ती म्हणाली. "दर महिन्याला सर्व्हरची एक प्रत मी डिस्कवर काढून तुम्हाला देते. ती तुमच्या कपाटात असते, तुमच्या कुलपात. तीच आणा."

त्यांनी मागच्या महिन्याची डिस्क आणली. वरचं सील त्यांनी स्वतः तपासलं. कशालाही न जोडलेल्या एका कॉम्प्युटरवर तिनं ती प्रत चालू केली आणि खुर्ची सोडून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. चंद्रमौलींनी स्वतःचा पासवर्ड घातला, सतीशकुमारचा एक जुना धडा शोधला आणि उघडला. 'चंद्रमौली, मंजूर.'

त्यांनी माउसवरचा हात असा उचलला, जणू तो तापला होता.

गेल्या काही महिन्यांत आपण काय काय उघडलं, ते आठवत ते तसेच बसून राहिले. पण श्रीलक्ष्मीचं बोलणं अजून संपलं नव्हतं. हे बोलायला तिला सगळ्यांत जड गेलं. सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे भोक पाच महिन्यांपूर्वीच बुजवलं होतं. नवं अपडेट आल्याची सूचना तिला मिळाली होती. तिनं ती वाचली होती. त्यासाठी सर्व्हर अर्धा दिवस बंद ठेवावा लागणार होता, आणि तेव्हा एक मोठं पुस्तक हातघाईवर आलं होतं. चंद्रमौली म्हणाले होते, पुस्तक गेल्यावर बघू. पुस्तक गेलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. सूचना तिच्या मेलमध्ये 'नंतर' नावाच्या फोल्डरात पडून राहिली.

सतीशकुमारला मंगळवारी बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि पहिला अर्धा तास काही माहीतच नसल्यासारखा बसला. डिस्कवरचं पान समोर ठेवल्यावर त्याचा आव गळून पडला. दुसरीकडून मजकूर उचलून शेऱ्यात टाकताना त्याला हे योगायोगानं सापडलं होतं. ज्याचे धडे फार वेळा परत येतात, त्याला कंपनी नवं पुस्तक देत नसे. राव त्याचा प्रत्येक धडा परत पाठवत. घरी लहान मूल, बायकोला दुसरा महिना, त्याला चुका निस्तरायला वेळ होत नसे. पुढे कोणीतरी पाहीलच, असं त्यानं धरलं होतं. नर्सिंगच्या पुस्तकाचं त्याला तेव्हाच कळलं.

त्याचं खातं बंद झालं आणि कामही गेलं. उठताना तो श्रीलक्ष्मीला म्हणाला, "मी फक्त मंजूर करून घेतलं. त्या वाटेनं तुमच्या सर्व्हरचं काहीही करता आलं असतं. मी केलं नाही." हे त्यानं माफीसारखं म्हटलं की फुशारकीसारखं, ते तिला कळलं नाही.

सर्व्हर गुरुवारी दुपारी परत चालू झाला. तिनं अपडेट घातलं, सगळ्यांना बाहेर काढून नवे पासवर्ड घ्यायला लावले, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रिप्टशिवाय दुसरी कुठलीही ब्राउझरनं चालवू नये असा नियम बसवला. बाहेरून काम करणाऱ्यांना शेऱ्यात साध्या अक्षरांपलीकडे काही टाकता येऊ नये, अशीही सोय केली. मग जिथे जिथे माणूस काही लिहू शकतो त्या एकेका चौकटीत, धड्याच्या नावात, फाइलीच्या नावात, स्वतःच्या नावाच्या जागीसुद्धा, तिनं निरुपद्रवी हुकूम लिहून पाहिले. आता ते सगळे जसेच्या तसे, कंसांसकट, पानावर वेडेवाकडे दिसत होते. स्वतःसाठी तिनं दुसरं, साधं खातं काढलं. सगळी दारं उघडणारं खातं यापुढे गरजेपुरतंच वापरायचं ठरवलं.

प्रकाशकाला पाठवायच्या अहवालावरून तिचं आणि चंद्रमौलींचं अडलं. ते म्हणाले, तांत्रिक दोष, दूर केला, एवढं पुरे. तिनं त्यात दोन वाक्यं घातली होती. श्री. गुरुमूर्ति राव यांनी तिन्ही धडे चुका दाखवून परत पाठवले होते. आणि दुरुस्तीची सूचना मला पाच महिन्यांपूर्वी मिळाली होती, ती मी लावली नाही. पहिलं वाक्य चंद्रमौलींनी ठेवलं. दुसरं खोडायला ते पेन उचलत होते. तिला शंका आली, की हे मला वाचवताहेत की स्वतःला? पुस्तक गेल्यावर बघू म्हणणारे तेच होते. तिनं ते वाक्य राहू द्या म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, पण त्यानंतर महिनाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

रावांना बोलवायला दोघं शनिवारी मेलकावेरीला गेली. चंद्रमौलींनी नीट, हात जोडून माफी मागितली. रावांनी ती घेतली आणि सोमवारपासून येतो म्हणाले. गोदामामीनं कॉफी आणली, पण पेला श्रीलक्ष्मीच्या हातात न देता समोर ठेवला. चंद्रमौली फोनवर बोलत अंगणात गेले तेव्हा ओसरीवर दोघंच उरली.

"मामा, माझं चुकलं," ती म्हणाली.

"संशय घेतलास, त्याचें मला एवढें वाटत नाहीं. कागद तसेच होते," राव म्हणाले. "पण मला विचारलें नाहींस."

तिनं कॉफीचा पेला उचलला. मग म्हणाली, "तुम्हीही नाही विचारलं. दोन महिने लिहीत राहिलात."

रस्त्यावरून विड्याच्या पानांच्या टोपल्या घेऊन एक टेम्पो गेला, त्याच्याकडे राव बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "नाहीं विचारलें."

राव कामावर आले. त्यांचे धडे पुन्हा पहिल्यासारखे परत जाऊ लागले आणि पानं लावणारे पुन्हा कुरकुरू लागले. तपासणीचं सॉफ्टवेअर जानेवारीत आलंच. त्याच्या चुका काढायचं काम रावांकडे आलं आणि ते त्यांनी मनापासून घेतलं. अकराच्या कॉफीला ते कधी येत, कधी येत नसत.

श्रीलक्ष्मीला मात्र सतीशकुमारचं बोलणं सुटत नव्हतं. त्यानं केलं नाही, पण त्याला जे सापडलं ते आणखी कोणाला सापडलं नसेल कशावरून? सूचना येण्याआधीही ते भोक होतंच. रोज कामाचा शेवटचा तास काढून तिनं सर्व्हरवरचे सगळे शेरे एकामागून एक आतल्या बाजूनं बघायला घेतले. साडेअकरा हजार होते. परिचितांची नावं येत, आणि प्रत्येक नावावर ती क्षणभर थांबे. रम्याच्या शेऱ्यात दोन विचित्र कंस दिसले तेव्हा तिनं ते चारदा तपासले. ते नुसते कंस निघाले. रावांचेही तिनं वगळले नाहीत.

पोंगलच्या आधल्या आठवड्यात ते काम संपलं. सतीशकुमारच्या शेऱ्यांशिवाय कुठेच काही नव्हतं. चंद्रमौलींनी प्रकाशकाला द्यायचं शेवटचं पत्र तिच्यासमोर सही करायला ठेवलं. त्यात लिहिलं होतं, सर्व्हरवर आता दुसरा कोणताही छुपा मजकूर नाही.

तिनं पेन घेतलं, 'नाही' खोडलं आणि वर 'आढळला नाही' असं लिहिलं.

"एकच अर्थ होतो," चंद्रमौली म्हणाले.

नाही होत, असं ती म्हणाली. त्यांनी कागद ओढून घेतला, खोडलेला शब्द पुन्हा एकदा वाचला आणि तिच्या दुरुस्तीसह नवी प्रत काढायला सांगितली.